नकाशात नसलेला पुरा

सन १९४०, चैत्र महिना, सोमवार. जागा : आमच्या कसब्याच्या कमेटीचं सभागृह. हजर : प्रेसिडेंट देशमुख, सेक्रेटरी, सहा मेंबर, ओव्हरसियर, चपराशी आणि एक भटजी. ठरलेली रक्कम : पंधरा रुपये, गावाचा नकाशा काढून रंगवल्याबद्दल. ती मला मिळायची होती.

मी हजर होतो असं म्हणता येत नाही. मी पायऱ्यांच्या खाली, अंगणात उभा होतो. दार उघडं होतं, म्हणून सगळं दिसलं.

नकाशा समोरच्या भिंतीवर टांगलेला होता. जाड कागद, मागून खळीनं मांजरपाट चिकटवलेला. चार हात रुंद, तीन हात उंच. त्यावर मी दोन महिने वाकून काम केलं होतं. भटजींनी तांब्याच्या पात्रात गोमूत्र आणलं होतं. त्यांनी दर्भाची जुडी त्यात बुडवली आणि नकाशावर शिंपडायला सुरुवात केली. तोंडानं मंत्र चालू होता.

सेक्रेटरी म्हणाले, "नीट सगळीकडे जाऊ द्या. कोपरे राहायला नकोत."

कोपरे राहिले नाहीत.

आधी पेठेचा पिवळा रंग सुटला. थेंब ओघळला, त्याच्याबरोबर पिवळा निघाला आणि खालच्या देवळाच्या गल्लीत शिरला. मग जीन रोडचा तांबडा. मग विहिरी. प्रत्येक विहीर मी निळ्या गोलानं दाखवली होती. ते गोल फुटले आणि निळ्या रेघा भिंतीपर्यंत आल्या. एक मेंबर हसून म्हणाला, "पाहा हो भाऊसाहेब, पेठेतले शेठ तुमच्या वाड्यात घुसून राह्यले." दोघंतिघं हसले. ज्यांना तो भाऊसाहेब म्हणाला ते प्रेसिडेंट. ते हसले नाहीत.

सेक्रेटरी दारात आले. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कसले रंग वापरलेस रे?"

मी म्हणालो, "साहेब, रंग तुमीच आनून देल्ले."

"उलट बोलू नको. हलकी जात, हलकं काम. आता साहेबाला काय दाखवायचं?"

हे शब्द जसे होते तसे लिहिले आहेत. यात माझं काही नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. वाशीम तालुक्यातला कसबा, अनसिंगच्या बाजूचा, एवढं पुरे. माणसांची नावंही लिहीत नाही; देशमुख हे वतन, नाव नव्हे. त्यांची नातवंडं आता माझ्या मुलांच्या वर्गात शिकतात. पण झालं ते झालं. आकडे माझ्याजवळ आहेत आणि माझी स्मरणशक्ती शाबूत आहे.

आम्ही महार. गावच्या वेशीबाहेर, नाल्याच्या पलीकडे आमची वस्ती. तिला महारपुरा म्हणत. आम्ही नुसतं पुरा म्हणायचो. मी पुऱ्यातला पहिला सातवी पास. सातवीनंतर दोन वर्षं कापसाच्या जिनात सरकी उचलली. जिनाच्या मुनिमाला माझं अक्षर आवडायचं. पोत्यांवर मार्का काढायचं काम त्यानं मला दिलं होतं. ओव्हरसियर साहेबांनी ती पोती पाहिली आणि विचारलं, हा हात कोणाचा?

ओव्हरसियर मुसलमान होते, बाळापूरकडचे. बदलीवर आमच्याकडे आलेले. सरकारकडून गावागावाला विहिरींसाठी पैसा येणार होता. त्यासाठी अकोल्याहून मोठा साहेब येऊन नकाशा पाहणार होता. नकाशावर कोणती वस्ती कुठे, तिथं माणसं किती, जवळची विहीर किती लांब, हे पाहून तो विहिरी मंजूर करणार होता. कमेटीजवळ गावाचा नकाशाच नव्हता. होता तो साठ वर्षांपूर्वीचा, उंदरानं खाल्लेला. ओव्हरसियर साहेब मोजणी करत. कागदावर ओढायला, रंगवायला हात हवा होता. अकोल्याचा ड्राफ्ट्समन चाळीस मागत होता. मी पंधरा म्हणालो. पंधरा म्हणजे जिनातली दोन महिन्यांची मजुरी.

काम अंगणात, कडुनिंबाखाली. फळी मी घरून आणली. टाक, रूळ, कागद कमेटीचे. रंग सेक्रेटरींनी बाजारातून पुड्यांचे आणवले. लुगडी रंगवायचे असतात ते. ओव्हरसियर साहेब म्हणाले होते, पक्क्या शाया मागवा, पण सेक्रेटरींनी खर्च नामंजूर केला. पुड्यांचे रंग मी गोंदाच्या पाण्यात कालवत असे. पाणी घरून मडक्यात नेत असे, कारण कमेटीच्या आवारातल्या रांजणाला मला हात लावता येत नव्हता आणि चपराशी वरून ओतायला कंटाळा करायचा.

हे पाण्याचं लिहिणं भाग आहे. कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. कोरड्या कागदाला आमचा विटाळ धरत नसत. मी लिहिलेल्या चिठ्ठ्या मुनीम रोज हातात घ्यायचा. पण नकाशा ओला. तो टांगायच्या आदल्या दिवशी कोणाच्या तरी डोक्यात आलं की रंग पाण्यात कालवलेत आणि पाणी महाराच्या मडक्यातलं आहे. म्हणजे पाणीच भिंतीवर लावल्यासारखं झालं. म्हणून भटजी, म्हणून गोमूत्र. पाण्यात विरघळलेला रंग पाण्यानंच सुटेल, हे तिथं बसलेल्या दहा शहाण्या माणसांपैकी कोणाला सुचलं नाही. ओव्हरसियर साहेबांना सुचलं असावं. ते खाली पाहत होते.

त्यांनी मला पुष्कळ शिकवलं, हे नाकारत नाही. मोजणीचं बुक मांडीवर घेऊन ते आकडे सांगत, मी काढत असे. एकदा म्हणाले, "पाह्य, गाव कसं वाढलं हे मानसाले इचारू नको. गल्लीले इचार. वाकडी गल्ली जुनी. सरळ गल्ली नवी."

खरंच होतं. गढीभोवतीच्या गल्ल्या वाकड्या, घरं एकमेकांना चिकटलेली, भिंत कोणाची ते कळू नये अशी. वेशीच्या आत जागा संपली तेव्हा बाहेर पेठ बसली. पेठेची गल्ली सुतासारखी सरळ, दुकानं सारख्या रुंदीची. तिथं कोणीतरी आधी दोरी धरून जागा वाटली होती. त्यापुढं कापूस आला. जीन रोड. लांबच लांब आवारं, माणसं थोडी, गोदामं मोठी. प्रत्येक मोहल्ल्यात घरं किती आणि माणसं किती हे मी तांबड्या शाईनं लिहायचो. मोमीनपुऱ्यात एका घरात नऊ-दहा माणसं. देवळाच्या गल्लीत एका घरात चार. अंगणं, परसं, तुळशीवृंदावनासकट. कागदावर ते एका नजरेत दिसे. कुठे दाटी, कुठे सैल, आणि निळे गोल कुणाच्या दारापाशी जास्त.

देवळाच्या गल्लीत माझा पाय कधी पडला नव्हता. तिची प्रत्येक भिंत मी काढली. कुणाचं परसदार कुठे उघडतं हे मला ठाऊक झालं. गावातल्या सगळ्या विहिरी मी आमच्या झिऱ्याच्या पाण्यानं रंगवल्या.

झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीत खणलेला खड्डा. आमचा पुरा त्यावर जगे. पावसाळ्यानंतर नाला आटला की बाया रेती उकरत. वाटीवाटीनं पाणी भरत. फाल्गुनापासून पुढे एका घागरीला किती वेळ लागे ते माझ्या मायला विचारायला हवं होतं. ती पहाटे जायची आणि उन्हं वर आली की यायची. वरच्या अंगाला गावाची गुरं नाल्यात बसत. आदल्या उन्हाळ्यात पुऱ्यात पटकी झाली. माझी मोठी बहीण आणि तिचा पोरगा एका दिवसात गेले.

म्हणून मला नकाशावर पुरा हवा होता. दुसरं कारण नाही. पंधरा रुपये हवे होते, पण ते दुसऱ्या नंबरावर. पुरा कागदावर आला, माणसांचा आकडा आला, विहिरीचं अंतर आलं, की साहेबाला विहीर नाकारता येणार नाही, असं माझं गणित.

ओव्हरसियर साहेबांच्या बुकात पुऱ्याची मोजणी होती. घराघरांची होती. माणसांची नव्हती. बाकी मोहल्ल्यांची माणसं पाटलाच्या माणसानं मोजून दिली. पुऱ्यात तो आला नाही. नाल्याच्या अलीकडून हात करून म्हणाला, लिहा दीडशे. मी म्हणालो, मी मोजतो. दारोदार गेलो. लोकांना आधी ते पोरखेळ वाटलं. आमच्या शेजारची बुढी म्हणाली, "माही बकरी लिही. ते बी पानी पेते." तिची सून दारातून बोलली, "अन् पोटातलं लिहू नोको हो भावजी, दिष्ट लागते." मी म्हणालो, पोटातलं पुढच्या नकाशात. सगळे हसले.

घरं एकाहत्तर. माणसं तीनशे चौसष्ट. दीडशे नव्हे.

नकाशाच्या पूर्वेच्या अंगाला नाल्यापलीकडे मी एकाहत्तर चौकोन काढले. राखाडी रंग दिला, कारण तेवढाच उरला होता. त्यात तांबड्या शाईनं तीनशे चौसष्ट लिहिलं. निळा गोल नव्हता. जवळची विहीर किती लांब ते बाजूला लिहिलं. काढून झाल्यावर मी उभा राहिलो आणि लांबून पाहिलं. आमचं घर नाल्यापासून तिसरं. ते मला ओळखू आलं. सांगायला लाज कशाला, मला बरं वाटलं. आम्ही कुठे तरी होतो.

आणि त्याच वेळी दुसरं एक दिसलं, जे जमिनीवर उभं राहून कधी दिसलं नव्हतं. जीन रोडचं तोंड आमच्याकडे होतं. उत्तरेला टेकडी, दक्षिणेला गढीची गावठाण जमीन, पश्चिमेला देशमुखांचे मळे. कापसाला जागा हवी असेल तर गावाला सरकायला एकच बाजू होती. आमची. मी हे ओव्हरसियर साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "तू लई पाहून राह्यला. रंग भर."

आता पुन्हा त्या सोमवारी येतो.

रंग ओघळून झाल्यावर भटजी दक्षिणा घेऊन गेले. मेंबर गेले. मला उभं राहायला सांगितलं होतं. देशमुख ओसरीवर खुर्चीत येऊन बसले. सेक्रेटरी मागे उभे. देशमुखांचा आवाज चढलेला नव्हता. हे माणसं मारणारे, शिव्या देणारे देशमुख नव्हते. लोकांत त्यांचं नाव चांगलं होतं.

"नकाशा दुसरा काढाव लागते. साहेब पंधरा दिवसानं येईन. होते का?"

"होते मालक."

"रंग पक्के आनून देतो. पन या बारीले तुमचा पुरा सोड."

मी विचारलं, "काहून?"

मी काहून, म्हणजे का, असं विचारलं याचं सेक्रेटरींना आश्चर्य वाटलं. देशमुखांना नाही. ते म्हणाले, "गावचा नकाशा हाये. गाव वेशीत असते. पुरा वेशीबाहेर. तिथं मोकयी जागा दाखव. पडीत लिही."

"जीन बी वेशीबाहेर हाये मालक. पेठ बी."

ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "तुमच्या पुऱ्याले विहीर पायजे ना? मी देतो. कमेटीतून नाई, माह्या खिशातून. धर्मादाय. याच उन्हायात. साहेबाच्या मंजुरीले दोन सालं लागतीन. मी दोन महिन्यात पानी दाखवतो. तू फक्त नकाशा काढ."

हे मला आजही लिहिताना जड जातं. कारण बोलणं गोड होतं आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी विहीर दिली असती. माझी माय ज्या पाण्यासाठी पहाटे रेती उकरत होती ते पाणी दोन महिन्यांवर होतं. एक मोहल्ला कागदावरून पुसायचा, एवढीच किंमत. कागदावर पडीत लिहिलं की दोन-चार वर्षांनी त्या पडीत जागेवर गोदाम उभं राहायला कोण आडवं येणार? आम्ही कुठले? नकाशात विचारा. नकाशात कोणी नाही.

मी म्हणालो, "नकाशा काढतो. पुऱ्यासकट काढतो. नाई तं नाई."

सेक्रेटरी म्हणाले, "मग पंधरा रुपयेही नाहीत. रंग बिघडवल्याबद्दल दंड मागत नाही, हे उपकार समज."

"रंग मी नाई बिघडवले. तुमी शिंपडलं तं वाह्यले."

आयुष्यात पहिल्यांदा त्या पायऱ्यांखाली उभं राहून मी मान वर करून बोललो. धीट होतो असं लिहिणं खोटं होईल. मी फळी उचलली, मडकं उचललं. ओव्हरसियर साहेब आतल्या खोलीत बुकात डोकं घालून बसले होते. मी त्यांच्या खिडकीवरून गेलो. त्यांनी मान वर केली नाही. नोकरीचा माणूस. पुढं वर्षानं त्यांची बदली झाली.

संध्याकाळपर्यंत पुऱ्यात कळलं. मी सांगण्याआधी चपराश्यानं सांगितलं, आणि सांगताना एवढंच सांगितलं की देशमुख विहीर देत होते, तुमच्या पोट्ट्यानं नाही म्हटलं.

मारुतीच्या पाराची जागा आम्हाला नव्हती. आमची बैठक नाल्याकाठच्या चिंचेखाली. सगळे आले. बाया पण आल्या, आणि त्याच आधी बोलल्या.

बकरीवाल्या बुढीची सून पुढे झाली. पोट आता दिसत होतं. "भावजी, तुमच्या एका रेघेपायी माह्या लेकरानं झिऱ्याचं पानी प्याचं काय?"



आमच्या पुऱ्याचे मुख्य म्हणजे माझे चुलते. पुऱ्यातली पाटीलकी त्यांच्याकडे. गावात कोणी मेलं की निरोप घेऊन गावोगाव जायचं, मेडशीपर्यंत जायचं, ते काम त्यांचं. त्यांचे पाय त्यात गेले होते. ते म्हणाले, "बापू, तू शिकला. तुले कागद दिसते. आमाले घागर दिसते. मालक आपल्या तोंडानं देतो म्हनते. उद्या सकायी जाऊन पाय धर."

"काका, पडीत लिहिलं तं उद्या उठवतीन आपल्याले."

"उद्याचं उद्या. इथं कोन शंभर सालं राह्यते?"

"आपन राह्यलो ना शंभर सालं."

कोणीतरी मागून म्हणालं, "शंभर सालं राह्यलो अन् एक विहीर नाई झाली. आता होऊन राह्यली तं हा मोडून राह्यला." त्यावर बराच गलका झाला. एकानं माझ्या शिक्षणाचा उद्धार केला. एकानं माझ्या पंधरा रुपयांवरून टोमणा मारला, की पैसे गेले म्हणून पुऱ्याचं नाव पुढं करून राह्यला. मी सगळं ऐकून घेतलं. ज्यांनी लेकरं पुरली होती तेच बोलत होते. त्यांना मी कोणत्या तोंडानं नकाशा समजावू?

माय कडेला बसली होती. ती बैठकीत कधी बोलत नसे. तिनं मला विचारलं, "तो विहीर देते म्हनते, ते कोनाच्या जाग्यावर?"

"आपल्याच. पुऱ्यात."

"अन् कागदावर पुरा नाई."

"नाई."

"मंग विहीर कोनाची होते?"

मी म्हणालो, "पडीत जागा देशमुखाची होईन, तं विहीर बी त्याची."

 मग माझ्याकडे नाही, माझ्या काकांकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, धर्मानं देलेली विहीर तो धर्मानंच बुजवून टाकीन. आपन हात जोडू तवरोक पानी. ज्या दिवशी एखाद पोट्टं काहून म्हनीन, त्या दिवशी विहिरीत मेलेलं ढोर. मी झिऱ्यावर जातो. माह्यी पोरगी मेली त्या पान्यानं. मी जातो तरी."

सगळ्यांना पटलं असं नाही. काका उठून गेले. बकरीवाल्या बुढीच्या सुनेनं माझ्याशी पुढं दोन वर्षं अबोला धरला. पण दुसऱ्या दिवशी पाय धरायला कोणी गेलं नाही. एवढं झालं.

अकोल्याचा ड्राफ्ट्समन आला. त्यानं चाळीसच घेतले. त्यानं आधीच्या ओघळलेल्या नकाशावरूनच नवा काढला, पक्क्या शाईत. चांगला काढला. मी तो नंतर पाहिला, खालूनच, दारातून. वेशी, पेठ, जीन रोड, सगळं माझ्यासारखंच. पूर्वेला नाला. नाल्यापलीकडे कागद पांढरा. त्यावर तिरपं लिहिलेलं : पडीत.

साहेब आला. अर्धा तास थांबला. सहा विहिरी मंजूर झाल्या. दोन देवळाच्या गल्लीत, दोन पेठेत, एक मोमीनपुऱ्यात, एक जीन रोडवर, जिथं रात्री फक्त राखणदार राहत. मी साहेबाच्या मोटारीपर्यंत गेलो होतो. हातात कागद होता, मी स्वतः काढलेला, एकाहत्तर चौकोनांचा. चपराश्यानं मला दहा हातांवर अडवलं. मोटार धूळ उडवत अनसिंगच्या रस्त्यानं निघून गेली.

त्या दिवसापासून पुढं मी गप्प बसलो असं गावाला वाटलं. मी गप्प नव्हतो. मी शोधत होतो.

दिवाळीनंतर कमेटीचा पट्टीवाला पुऱ्यात आला. घरपट्टी. झोपडीमागं बारा आणे. दरवर्षी यायचा आणि दरवर्षी आम्ही देत असू, कोणी एकदम, कोणी चार हप्त्यांत. तो नाल्याच्या अलीकडे दगडावर बसायचा, आम्ही पैसे दगडावर ठेवायचो, तो त्यावर पाणी शिंपडून उचलायचा.

तो बसला. नाव पुकारलं. पहिलं नाव काकांचं. काका कनवटीला हात घालून उठले. मी त्यांच्या आडवा झालो.

पट्टीवाल्याला विचारलं, "ही पट्टी कायची?"

"घराची. कायची म्हंजे?"

"इथं घरं नाईत."

तो हसला. "याले भांग चढली काय रे?"

मी म्हणालो, "कमेटीच्या भिंतीवर नकाशा हाये. जाऊन पाहा. नाल्यापलीकडे पडीत लिहेल हाये. पडीत जागेले घरपट्टी नसते. कमेटी म्हनते इथं कोनी राह्यत नाई. मंग तू कोनाले पुकारून राह्यला?"

काका माझ्याकडे पाहत राहिले. चिंचेखाली सांगितलेलं जे त्यांना त्या दिवशी कळलं नव्हतं, ते त्या वेळी कळलं. मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. त्यांनी कनवटीतून हात काढला. बारा आणे मुठीत होते. मूठ उघडली नाही. म्हणाले, "बरोबर बोलते पोरगा. आमी नाई इथं. जाय."

पट्टीवाला गेला आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना घेऊन आला. सेक्रेटरी नाल्याच्या अलीकडूनच ओरडून बोलत होते. कायदा, जप्ती, फौजदार. मी म्हणालो, "साहेब, पुरा नकाशात लिहा. त्याच दिवशी पट्टी आनून देतो. मांगची बी देतो. पावती द्या अन् पुरा लिहा."

"ते होणार नाही."

"मंग हे बी होनार नाई."

पौषात जप्ती आली. घरटी एक-एक भांडं नेलं. माझ्या घरातून मात्र दोन, पितळेची परात आणि एक घागर. मायनं घागर स्वतः उचलून दिली. म्हणाली, "आतलं पानी ओतून घ्या, झिऱ्याचं हाये." पोलिसानं पाणी ओतलं. भांडी कमेटीच्या आवारात उन्हात पडून राहिली. लिलाव पुकारला, पण आमची भांडी घेणार कोण. कोणी बोली लावली नाही. ती तिथंच काळी पडली.

घरपट्टी आम्ही काढली. दिली नाही, काढली. ठरलं असं की जे बारा आणे कमेटीला द्यायचे ते चिंचेखाली जमा करायचे. एकाहत्तरपैकी बासष्ट घरांनी दिले. नऊ घरांना जमलं नाही, त्यांच्यातला एकेक माणूस खोदायला आला. बकरीवाल्या बुढीच्या सुनेनं दिले. माझ्याशी न बोलता, माझ्या पायाशी ठेवून गेली. तिचं मूल तेव्हा तिच्या कडेवर होतं.

जागा पुऱ्याच्या मधोमध निवडली. माझ्या कागदावर मी ती काट मारून दाखवली होती, कोणत्याही घरापासून सारखी पडेल अशी. वाशीमकडून वडार आणले. माती संपली, मुरूम संपला, अठरा हातांवर काळा खडक लागला. वडाराचा म्होरक्या वर आला, घाम पुसला, म्हणाला, खाली पाणी आहे की नाही सांगत नाही, सुरुंग लावावा लागेल, पैसे आधी. काकांनी मला विचारलं, "लावाचा का?" मी म्हणालो, लावा. पाणी लागलं तर आपलं आणि नाही लागलं तर खड्डाही आपला. देशमुखाचा नाही, कमेटीचा नाही.

आणि तो खड्डा मी त्याच दिवशी कागदावर काढला. पुढं जो कोणी साहेब येईल, त्याला तो कागद दाखवायचा. तो आला नाही तर अकोल्याला जायचं. तिथं नाही झालं तर पुढं. पुऱ्याशिवाय गावाचा नकाशा भिंतीवर टिकू द्यायचा नाही, आणि पुन्हा कोणाच्या पायरीखाली उभं राहून विहीर मागायची नाही. हे त्या खड्ड्याच्या काठावर आम्ही ठरवलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बासष्ट घरांचे बारा आण्यांप्रमाणे सेहेचाळीस रुपये आठ आणे झाले. ते सगळे, पावतीशिवाय, वडाराच्या म्होरक्याच्या हातात दिले. त्या सालच्या घरपट्टीपैकी कमेटीला एक पैसाही दिला नाही.